1853 च्या तासाला चीनही शिकवा: स्पर्धा परीक्षांच्या मार्गदर्शकांना खुले पत्र

आधुनिक इतिहास शिकवणाऱ्या सर आणि मॅडम,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र लोकसेवा आयोगाला न लिहिता तुम्हाला लिहितोय, कारण आयोग अभ्यासक्रमाची एक ओळ छापतो आणि त्या ओळीत काय भरायचं ते तुम्ही ठरवता. पुण्याच्या पेठांपासून लातूर-नांदेडपर्यंत असंख्य मुलांना इतिहास भेटतो तो तुमच्या फळ्यावर आणि तुमच्या नोट्समध्ये. कॉलेजात आम्ही मास्तर लोक जे शिकवतो ते परीक्षेनंतर पुसलं जातं. तुम्ही सांगितलेलं मात्र मुलं तिसऱ्या-चौथ्या अटेम्प्टपर्यंत घोकत असतात.

त्या नोट्समध्ये एक ओळ हमखास सापडते: भारतातील नागरी सेवेचा जनक, लॉर्ड कॉर्नवॉलिस. तिच्याखाली ईस्ट इंडिया कंपनीच्या भारतातल्या नोकऱ्या स्पर्धेला खुल्या करणारा 1853 चा चार्टर अ‍ॅक्ट, 1854 ची मेकॉले समिती, 1855 साली लंडनमधली पहिली खुली परीक्षा, 1863 साली त्या सेवेत निवडले गेलेले पहिले भारतीय सत्येंद्रनाथ टागोर. लगेच पुढचा मुद्दा वुडचा खलिता. यातली एकही सनावळी चुकीची नाही. पण एवढंच शिकून बाहेर पडणारा मुलगा असं धरून चालतो की लेखी परीक्षा घेऊन अधिकारी निवडायची कल्पना इंग्रजांच्या डोक्यातून निघाली आणि त्यांनी ती आपल्याला बहाल केली. ज्या परीक्षेपायी तो पंचविशी-तिशी घालवतो, तिचंच कुळ त्याला ठाऊक नसतं.

हे कुळ शोधण्याचं काम ऐंशी वर्षांपूर्वी एका इतिहासकाराने केलं. नाव तेंग स्सू-यू. हुनान प्रांतात, चीनची राजपरीक्षा बंद पडली त्याच सुमारास जन्मलेला हा माणूस पुढे अमेरिकेत गेला आणि तिथेच शिकवत राहिला. 1943 साली हार्वर्डच्या आशियाविषयक नियतकालिकात त्यांचा पंचेचाळीसएक पानांचा लेख आला, विषय: पाश्चात्त्य परीक्षापद्धतीवर चीनचा प्रभाव. चिनी क्रांतीचे नेते सुन यत-सेन भाषणांतून सांगत असत की युरोप-अमेरिकेच्या नागरी सेवा परीक्षा इंग्लंडवरून उचललेल्या आहेत आणि इंग्लंडने ती रीत चीनकडून घेतली. राजकीय पुढाऱ्याचं हे विधान तेंग यांनी कागदोपत्री तपासायला घेतलं. वाय. झेड. चँग यांचा याच विषयावरचा लेख आदल्याच वर्षी आला होता, पण तेंग यांचा पसारा मोठा.

हा गृहस्थ देशाभिमानाने भारावून लिहिणारा लेखक नव्हता, दप्तरखान्यातला माणूस होता. अमेरिकन इतिहासकार जॉन फेअरबँक यांच्याबरोबर त्यांनी चीनच्या शेवटच्या, मांचूंच्या छिंग राजवटीच्या कारभारावर जे अभ्यास लिहिले, त्यांचा विषय काय असावा? सरकारी कागद एका कचेरीतून दुसरीकडे कसा जायचा, कुठल्या दर्जाच्या कागदाला काय म्हणायचं, प्रांतातून पेकिंगला, म्हणजे आजच्या बीजिंगला पोचायला त्याला किती दिवस लागायचे. तातडीचा टपाली स्वार दिवसाला सहाशे ली, म्हणजे तीनशेहून अधिक किलोमीटर तोडेल अशी अपेक्षा असे. बादशहा लाल शाईने शेरा मारी आणि तो कागद ज्याचा त्याला परत जाई. मंत्रालयात ज्याने एखादी फाइल टेबलाटेबलावरून फिरताना पाहिलीय, त्याला हे अभ्यास वाचताना परकं वाटणार नाही.

अशा चिकाटीने तेंग यांनी सोळाव्या शतकापासून एकोणिसाव्यापर्यंतची युरोपीय पुस्तकं, मासिकं आणि पार्लमेंटच्या चर्चा चाळल्या. चीनमध्ये अधिकारी परीक्षेने निवडतात ही बातमी युरोपला जेझुइट पाद्र्यांकडून लागली. मातेओ रिची यांच्या टिपणांचं पुस्तक 1615 साली निघालं. व्होल्तेर आणि केने यांच्यापर्यंत येता येता चीनची परीक्षा फ्रेंच विचारवंतांच्या बैठकीतला नेहमीचा विषय झाली होती. ही सगळी बौद्धिक हौस म्हणून सोडून देता येईल. आपल्याला जास्त जवळची आहे ती दक्षिण चीनमधल्या कँटन बंदराची वखार, कारण तिथे ईस्ट इंडिया कंपनीची माणसं बसत होती. रॉबर्ट इंग्लिस नावाच्या तिथल्या कंपनीच्या माणसाने 1835 साली लिहिलं की परीक्षा हा चिनी शोध भारतात पुरता रुजला, तर बंदुकीची दारू आणि छपाईप्रमाणे तोही एक दिवस युरोपच्या राज्यव्यवस्थेत उलथापालथ घडवील. 1835! म्हणजे चार्टर अ‍ॅक्टच्या अठरा वर्षं आधी. 1847 साली कँटनच्या ब्रिटिश वकिलातीतले दुभाषी थॉमस टेलर मेडोज यांनी तर पुस्तकातून उघड मागणी केली की ब्रिटनने अशीच सार्वजनिक परीक्षा सुरू करावी. चीनचं साम्राज्य इतकी शतकं टिकलं ते गुणी माणसालाच वर चढू दिल्यामुळे, असा त्यांचा दावा होता.

1853 मध्ये भारतविषयक विधेयकावर चर्चा चालू असताना लॉर्ड ग्रॅनव्हिल यांनी लॉर्ड्सच्या सभागृहात हाच मुद्दा मांडला: मूठभर तार्तर घराणं (म्हणजे मांचूंचं छिंग घराणं) दोनशेहून अधिक वर्षं अफाट चीनवर राज्य करू शकलं, कारण त्याने सरकारी पदं स्पर्धेला खुली करून साऱ्या चिनी लोकांतली हुशारी आपल्या बाजूला वळवली. मूठभर परक्यांनी अफाट देश कसा ताब्यात ठेवायचा, हा तेव्हा कुणापुढचा प्रश्न होता ते सांगायला नको. विरोधकांनीही चीनचंच नाव घेतलं, पण टोमण्यासाठी. आता इंग्रजांनी त्या ‘स्वर्गीय साम्राज्याकडून’ धडे घ्यायचे का, असा त्यांचा सूर होता. दोन्ही बाजूंच्या तोंडी चीन होता, आणि आपल्या नोट्समध्ये मात्र त्याचा पत्ता नाही.

इथे एक सावधगिरी. तेंग यांचा लेख वाचून ‘आयएएस म्हणजे चीनची नक्कल’ अशी ओळ फळ्यावर लिहू नका. इंग्रजांना चीन माहीत होता, चीनचा दाखला दिला जात होता, तो दाखला टाळून चर्चा होत नव्हती, एवढं त्यांच्या पुराव्यांतून भक्कम उभं राहतं. मेकॉलेंचा 1854 चा अहवाल मात्र ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या परीक्षांवर बेतलेला आहे. केंब्रिजमध्ये लेखी गणिताची चुरस अठराव्या शतकापासूनच होती, आणि प्रशियातही सरकारी नोकरीसाठी परीक्षा होत्या. शिवाय लेखाचं साल बघा. 1943 मध्ये चीन महायुद्धात अमेरिकेच्या बाजूने लढत होता, चीनवरचे अपमानास्पद विषम करार त्याच वर्षी रद्द झाले, चिनी लोकांना मज्जाव करणारा अमेरिकेतला कायदाही त्याच वर्षी मागे घेतला गेला. पश्चिमेवर चीनचं ऋण आहे हे सांगायला याहून योग्य वेळ नव्हती आणि त्याचा थोडा रंग लेखाला लागलेला आहे. माझ्या मते दावा थोडा खाली आणून घेतला तरी तो टिकतो. कल्पना केंब्रिजची असेल, पण ती एका देशाच्या राज्यकारभाराला लावता येते आणि राज्य बुडत नाही, याचा शतकानुशतकं टिकलेला सर्वांत ठळक चालता पुरावा होता तो चीनमध्ये.

आता मुलांना काय सांगायचं? ‘चीनमध्ये सुई घराण्यापासून, म्हणजे सहाव्या-सातव्या शतकाच्या सांध्यापासून परीक्षा होती’ एवढं वनलायनर दिलंत तर एक नवी सनावळी वाढेल, बाकी काही नाही. ती चालायची कशी ते सांगा. सोंग राजवटीत, अकराव्या शतकाच्या आरंभापर्यंत, उत्तरपत्रिकेवरचं नाव झाकायची पद्धत बसली होती. पण अक्षरावरून माणूस ओळखू येतो. मग सरकारने कारकून बसवले आणि प्रत्येक उत्तरपत्रिका दुसऱ्याच्या हातून नकलून घ्यायला सुरुवात केली. पुढच्या काळात उमेदवार काळ्या शाईत लिही, कारकून लाल शाईत प्रत करी, ती मूळ कागदाशी ताडून बघितली जाई आणि परीक्षकापुढे फक्त लाल प्रत जाई. वर्णनात्मक पेपर आल्यापासून ‘तपासणारा माझं अक्षर बघून मार्क देईल का’ म्हणून धास्तावलेली मुलं तुमच्याच वर्गात बसलेली आहेत. त्यांना सांगा, हजार वर्षांपूर्वी कुणीतरी याच शंकेवर सरकारी खर्चाने तोड काढली होती.

नानजिंगच्या परीक्षागृहात वीस हजारांहून अधिक खोपटी होती. प्रांताची परीक्षा तीन फेऱ्यांत, आठवडाभराहून अधिक चाले. दोन फळ्यांवर बसायचं, त्याच आडव्या घालून झोपायचं, शिदोरी बरोबर आणायची. आतल्या सदऱ्यावर मुंगीएवढ्या अक्षरांत ग्रंथ लिहून नेणारे बहाद्दर होतेच, ते सदरे आजही संग्रहालयांत जपलेले आहेत. गैरप्रकाराची शिक्षा साधी नव्हती. 1858 च्या पेकिंगच्या परीक्षेत घोटाळा झाला, तेव्हा मुख्य परीक्षक बो ज्युन, जे दरबारातले सर्वोच्च दर्जाचे मंत्री होते, त्यांचा पुढच्या वर्षी शिरच्छेद झाला. पेपरफुटीवर आपल्याकडे समित्या नेमल्या जातात. शिरच्छेदाची शिफारस मी करत नाही, नोंद फक्त करून ठेवतो.

यापेक्षा बोलकी घटना 1397 ची आहे, आणि माझं ऐकाल तर वर्गात सगळ्यात जास्त वेळ हिला द्या. मिंग राजवटीच्या त्या परीक्षेत उत्तीर्ण झालेले पन्नासएक उमेदवार सगळेच्या सगळे दक्षिणेकडचे निघाले. उत्तरेकडच्यांनी ओरड केली. बादशहाने फेरतपासणी लावली, तिचाही निष्कर्ष तोच: पेपर खरोखर दक्षिणेचेच चांगले. बादशहा चिडला, काही परीक्षकांना देहदंड झाला, पुन्हा परीक्षा घेऊन उत्तरेकडच्या एकसष्ट जणांना पास केलं. नावं झाकलेली होती, लबाडी सिद्ध झाली नव्हती, तरी निकाल एकतर्फी लागला. कारण छापखाने, पुस्तकं, शाळा आणि पैसा दक्षिणेत होता. बादशहाची तऱ्हा रानटी होती, पण त्याला कळलेली गोष्ट खरी होती: अर्ध्या देशाचा माणूसच कचेरीत नसेल तर तो अर्धा देश आपला राहत नाही. तीसएक वर्षांत उत्तर-दक्षिण कोटे ठरले आणि ते पुढे वेगवेगळ्या रूपांत शेवटपर्यंत राहिले. गुणवत्ता की प्रतिनिधित्व हे भांडण आपल्या संविधानसभेत जन्मलं असं ज्या मुलांना वाटतं, त्यांनी हे ऐकायला हवं.

म्हणून चीनची परीक्षा सर्वांना खुली होती, हेही जपूनच म्हणायचं. बायकांना ती बंद होती. नट आणि कचेरीतले शिपाईप्यादे अशा ‘हलक्या’ मानलेल्या घरांतल्या पुरुषांनाही दार लावलेलं होतं. बाकीच्यांचं काय, यावर इतिहासकारांचं अजून भांडण आहे. हो पिंग-ती यांनी 1962 साली मिंग-छिंग काळातल्या हजारो यशस्वी उमेदवारांच्या वंशावळी मोजून दाखवलं की सुमारे 40 टक्के जण अशा घरांतले होते जिथे आधीच्या तीन पिढ्यांत कुणी अधिकारी झालेला नव्हता. बेंजामिन एल्मन म्हणतात, थांबा. बाप-आजा अधिकारी नसेल, पण चुलता, मामा, सासरा, कुळाची शाळा यांचा हिशोब कुठाय? अभिजात चिनी भाषेतले ग्रंथ पाठ करायला लहानपणापासूनची मोकळी वर्षं लागायची, शेतकऱ्याच्या पोराला ती कोण देणार? मला एल्मन पटतात. पेठेतल्या खोलीचं भाडं, मेसचा डबा, अभ्यासिकेची फी आणि तुमची फी यांची बेरीज करून बघा, तुम्हालाही पटतील.

एल्मन यांच्या पुस्तकात तुमच्या धंद्याचे पूर्वजही भेटतात. मिंग काळाच्या उत्तरार्धात पास झालेल्यांच्या निबंधांचे संग्रह छापून विकणं हा जोरात चालणारा व्यवसाय होता. परीक्षेला आठ ठरीव भागांचा निबंध लागायचा, तेव्हा मूळ ग्रंथ कशाला वाचा, नमुने पाठ करा. त्या काळचे विद्वान यावर कडकडून टीका करत, आणि त्यांतले काही स्वतः असे संग्रह संपादित करत. हसू नका. माझ्याही नावावर दोन गाइडं आहेत.

आता नापासांकडे येतो, कारण हे पत्र खरं त्यांच्यासाठी आहे. छिंग राजवटीच्या अडीचशेहून अधिक वर्षांत सर्वोच्च जिनशी पदवी मिळवणारे सुमारे 27 हजार, म्हणजे दर परीक्षेला सरासरी 240 च्या आसपास. खालच्या स्थानिक चाळण्यांना बसणारे एल्मन यांच्या अंदाजाने वीस ते तीस लाख. परीक्षेने तयार केली ती मुख्यतः नापास माणसं. त्यांच्यातूनच मास्तर, वैद्य, अर्जनवीस, लेखक झाले. भुताखेतांच्या गोष्टींनी अमर झालेले पू सोंगलिंग त्यातलेच, म्हातारे होईपर्यंत परीक्षा देत राहिलेले. एल्मन यांचं म्हणणं असं की चिनी समाजात साक्षरता आणि ग्रंथसंस्कृती पसरली ती या नापासांमुळे.

आणि त्यांच्यातूनच होंग श्यूच्वान निघाला. कँटनजवळच्या खेड्यातला हक्का समाजातला मुलगा, गावाला त्याच्याकडून फार आशा. स्थानिक परीक्षेत तो चार वेळा नापास झाला. 1837 च्या अपयशानंतर अंथरुणाला खिळला, त्याला भास झाले. 1843 च्या चौथ्या अपयशानंतर त्याने कधीतरी रस्त्यात हाती पडलेली मिशनऱ्यांची पुस्तिका उघडली आणि त्या भासांचा अर्थ लावला: आपण येशूचे धाकटे भाऊ. त्यातून ताइपिंग बंड उभं राहिलं. ते 1864 मध्ये मोडेपर्यंत किमान दोन कोटी माणसं मेली असं धरलं जातं. एका परीक्षेने एवढा संहार घडवला असं मी म्हणत नाही. दुष्काळ, भूक, मांचूंविषयीचा राग, अफूच्या युद्धातली नाचक्की हे सगळं होतंच. तेंग यांनी पुढे या बंडावर पुस्तकं लिहिली, त्यातही कारणांची ही गुंतागुंत सोडवत बसण्याची त्यांची तयारी दिसते.

पण तारखा जुळवून बघा. मार्च 1853 मध्ये होंगच्या सैन्याने नानजिंग घेतलं, तेच वीस हजार खोपट्यांचं नानजिंग, आणि ती आपली राजधानी केली. एप्रिलच्या अखेरीस ब्रिटिशांची ‘हर्मिस’ ही बोट बंडखोरांचा अंदाज घ्यायला तिथे गेली. बोटीवरचा दुभाषी कोण? थॉमस टेलर मेडोज. सहा वर्षांपूर्वी ज्याने चीनच्या परीक्षेची तारीफ केली, तोच त्या परीक्षेत नापास झालेल्याच्या दरबारात बोलणी करत होता. आणि त्यानंतर काही आठवड्यांत लंडनला लॉर्ड ग्रॅनव्हिल सांगत होते की चीनचं राज्य टिकलं ते परीक्षेमुळे. होंगने तरी काय केलं? नानजिंगमध्ये बसल्यावर त्याने स्वतःची परीक्षा सुरू केली. फक्त प्रश्न कन्फ्यूशियसवर नसून त्याच्या नव्या धर्मावर होते.

इंग्रजांनी यातून काय उचललं आणि काय टाकलं, हा खरा पंधरा मार्कांचा प्रश्न आहे. चुरस उचलली. प्रांतोप्रांतीची परीक्षागृहं टाकली: चीनमधल्या उमेदवाराला पहिल्या पायऱ्या आपल्या जिल्ह्यात आणि प्रांतात चढता येत, आपल्या मुलांनी मात्र थेट लंडन गाठायचं. भारतातही एकाच वेळी परीक्षा घ्या, अशी दादाभाईंपासून सगळ्यांची मागणी. 1893 साली हाऊस ऑफ कॉमन्सने तसा ठराव केला, तो कागदावर राहिला, आणि भारतात परीक्षा व्हायला 1922 उजाडलं. जे पोचले त्यांचीही अडवणूक होती. 1869 साली सुरेंद्रनाथ बॅनर्जी आणि आपल्या मुंबईचे श्रीपाद बाबाजी ठाकूर पास झाले, तर वयाच्या मुद्द्यावर दोघांना बाद केलं. आपल्याकडे सोळावं लागलं की वय सोळा सांगतात, हे साहेबाला कळेना. प्रकरण कोर्टात गेलं तेव्हा दोघांना जागा मिळाल्या. वयोमर्यादेवरून आज आंदोलन करणाऱ्यांना हे ठाकूर माहीत असावेत.

ज्या चीनकडून कोरियाने 958 मध्ये आणि व्हिएतनामने 1075 मध्ये ही रीत घेतली, त्या चीनने स्वतः 2 सप्टेंबर 1905 ला ती बंद केली. तोवर पैसे भरून पदव्या घेणाऱ्यांची गर्दी झाली होती आणि जपानकडून मार खाल्ल्यावर आठ भागांच्या निबंधाची अब्रू उरली नव्हती. सहा वर्षांत राजवटही गेली.

‘सर, हे आयोग विचारत नाही’ असं उत्तर तुमच्या ओठांवर असेल. विचारत नाही, कबूल. पण 1853 वर तुम्ही तसाही एक तास घेताच. त्यातली वीस मिनिटं 1397 ला, लाल शाईच्या प्रतींना आणि नानजिंगला द्या. तेंग यांचा लेख इंग्रजीत आहे, भाषा सोपी आहे. तुमच्यापैकी कुणी त्याचा मराठी सारांश करणार असेल तर मी फुकट तपासून देईन. आणि पुढच्या टेस्ट सिरीजमध्ये एक प्रश्न घाला: ‘खुली स्पर्धा परीक्षा ही ब्रिटिशांनी भारताला दिलेली देणगी आहे. चर्चा करा.’ फक्त त्याचं आदर्श उत्तर मागे छापू नका.

आपला,
इतिहासाचा एक निवृत्त प्राध्यापक